खंडेनवमीचे तीन बोल्ट

हसू नका, पण ते कोडं मला आजवर सुटलेलं नाही. फिरत्या वाचनालयासाठी मी मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक घेतला होता. दसऱ्याला पुस्तकं घेऊन येतो, असं टेंभुर्णीला कळवूनही बसलो होतो. आदल्या दिवशी इंजिन खोललं, सगळे बोल्ट ओसरीवर क्रमानं मांडले आणि ग्रीस आणायला बाजारात गेलो.

परत येतो तर ओसरी रिकामी! बोल्ट देवघरात पाटावर होते. राखेनं घासलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत, वर हळदकुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"खंडेनवमी हाय आज. हत्यारं पूजायची न्हाईत का? उद्यापर्यंत हात लावू नको."

"अगं, पण कोणता कुठला, हे कसं कळणार?"

"मंग कॉलेजात काय शिकलास?"

दसऱ्याला उजाडताच अंदाजानं सगळं जोडलं. हँडल मारताच इंजिन सुरू झालं, पण हातात तीन बोल्ट उरले!

"आई, हे कुठले गं?"

"गाडी चालतीया न्हवं? मंग हे देवाचे."

टेंभुर्णीला ट्रक बिनबोभाट जाऊन आला. तेव्हापासून दर खंडेनवमीला आई त्या तीन बोल्टांची पूजा करते आणि मी ट्रकखाली आडवा पडून तीन रिकामी भोकं शोधतो.