दुसरा झटका

हॅलो?… हो, वल्लरीच बोलतेय. बोल, समीक्षा… नाही, शुद्ध नाही आली. डोंबिवलीहून रात्रीच ठाण्याला हलवलं त्याला. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेय. काचेतून मुकुल दिसतो. म्हणजे माझा भाऊ म्हणून जे उरलंय, ते दिसतं… हृदय मध्येच काही वेळ थांबलं होतं. मेंदूचं आज काही सांगता येणार नाही म्हणतात.

हो, हो… अगं ऐक ना. तुझ्या नवऱ्याची झोप उडालीय, हे कळलं मला. मी काय करू त्याचं?…

मी बोलावलं, हो. नाकारलंय कधी? मुकुलने मानसोपचाराच्या गोळ्या सोडलेल्या, आईला स्वयंपाकघरात कोंडून हातात सुरी घेऊन उभा, आणि मी इकडे माजिवड्याला ऑफिसात. पोलिसांचा एकशेबारा फिरवायचं सोडून तुला फोन केला. तुझा विनीत पोलीस आहे, ओळखीचा आहे, गणवेश न घालता येईल, चार शब्द समजुतीचे बोलेल, सोसायटीत बोभाटा होणार नाही… सगळं ओळखीनेच तर करतो आपण. मरणसुद्धा ओळखीने बोलावतो.

काय?… घरचा माणूस म्हणून धावला, आता घरच्यासारखं सांभाळून घ्या. हे त्याने शिकवलं, की तुझं तुलाच सुचलं?

गणवेश नव्हता, पण कमरेला शॉकगन होती ना? नवीनच मिळालेली… नाही, पहिल्या झटक्याबद्दल मी बोलतच नाहीये. आई त्या सुरीपासून दोन हातांवर होती. मी तिथे असते तर मीच म्हटलं असतं, मार. गोळी घालावी लागू नये, माणूस जिवंत राहावा, म्हणूनच देतात ते हत्यार… पण तो लाकडासारखा कोसळला ना फरशीवर? मग पुन्हा का दाबलं?

उठत होता. सुरी घेऊन उठत होता. कोण म्हणतं?… विनीत म्हणतो. बरं.

आणि चौकशीच्या साहेबांना हेच मी सांगायचं? मी तर तिथे नव्हतेच… अच्छा. आईने सांगायचं. ते आज तिचा जबाब घ्यायला येणार, म्हणून हा फोन.

तू काय मागतेयस, कळतंय तुला? उद्या मुकुलने डोळे उघडले, तर पोलिसावर सुरी घेऊन धावलेला गुन्हेगार म्हणून उघडायचे? आणि नाहीच उघडले, तर त्याच नावाने जळायचं?… नोकरी. हो, जाईल नोकरी. समीक्षा, वीज एखाद्याच्या हातात दिली, की बोट कधी उचलायचं हेही त्याच्याच हातात दिलेलं असतं. तेवढीच तर जबाबदारी होती त्याची… घाबरला होता? मग तसं सांगू दे त्याला. घाबरलो आणि दाबलं. माझ्या भावाला कशाला उभा करताय पुन्हा?

थांब. मागे कोण खोकलं?… टीव्ही नाही तो. तो खोकला मी जन्मापासून ऐकतेय. तू आमच्या घरी आहेस… डबा घेऊन आलीस. अर्थात. फोन आईला दे… नाही, नंतर नाही. आईला दे.

आई?… हो, खाल्लंय मी. ऐक, समीक्षा शेजारीच आहे?… असू दे. मला एवढंच सांग, मुकुल पडला तेव्हा सुरी कुठे होती?… रडू नकोस, सावकाश… सरकत तुझ्या पायाशी आली. मग?… तू उचललीस. उचलून सिंकमध्ये टाकलीस… विनीतच्या देखत?… "काकू, बाजूला व्हा" म्हणाला. म्हणजे बघत होता तो. आणि तू बाजूला झालीस… मग दुसरा झटका.

समीक्षाला सांगितलंस हे?… काय म्हणाली?… "सिंकचं तेवढं विसरून जा, काकू."

नाही आई, ओरडत नाही मी तिच्यावर… तिचा डबा? खा तू. साखर कमी होते तुझी, उपाशी राहू नकोस… आणि साहेब आले म्हणून तिला जा म्हणू नकोस. बसू दे समोर. तिच्या तोंडावर सांग, सुरी कुणी उचलली, कुठे टाकली, कोण बघत होतं… मी ओळखीने बोलावलं, तेही सांग. हो, तेही. लपवायचं नाही काही…

बेल वाजली ना?… तेच असतील. समीक्षाला उठू देऊ नकोस, दार तू उघड. मी ठेवते.