बिनउद्यापनाचं व्रत

मंडळी, जरा सरसावून बसा. तो खांबाला टेकलेला कोण आहे, त्याला हलवा – झोपायचं असेल तर माझं कीर्तन संपल्यावर! तर मला एक सांगा. चांगलं काम नुसतं सुरू करणारा मोठा, की ते शेवटाला नेणारा मोठा? काय म्हणता? शेवटाला नेणारा? सगळ्यांचं एकमत? मग आज सगळेच फसलात. ऐका!

कुसळगावात खंडोबाचं देऊळ, देवळापुढे उंच दगडी दीपमाळ. तिला बाहेर आलेले दगडी हात असतात ना, ते धरून चढायचं आणि त्रिपुरी पौर्णिमेला टोकावरचा दिवा लावायचा. हा मान शेलारांच्या घराचा. आजा चढला, बाप चढला, आणि आता मल्हारी. माणूस सोन्यासारखा हो, पण खाणं! पंगत उठायची तरी मल्हारी बसलेलाच. वाढप्याला वाटायचं, हा दुसऱ्या पंगतीचा.

एका त्रिपुरीला मल्हारी चढायला लागला. पहिला दगड, दुसरा दगड – आणि तिसऱ्यावर घोडं अडलं. वर जाववेना, खाली उतरवेना. सगळं गाव पणत्या घेऊन खाली उभं. शेवटी शिडी आणली आणि टेम्पोतून गणपती उतरवतात तसा चौघांनी जपून उतरवला. दिवा लावला चुलतभाऊ येसाजीने. पंच म्हणाले, "मल्हारी, पुढच्या साली जमव बाबा. नाहीतर मान येसाजीकडे जाईल."

मल्हारी घरी आला तो न जेवता निजला. यावरून ओळखा, किती लागलं असेल ते! बापाने हात धरून त्या दीपमाळेवर चढवलं होतं त्याला. उशीत तोंड खुपसून रडला.

दुसऱ्या दिवशी देवापुढे उभा. "खंडेराया, पौष सरेपर्यंत गोड बंद, भात बंद, रोज टेकडीला फेरी." आणि पाळलंन हो! सदरा ढिला पडला, धाप कमी झाली. पौष सरला. आता व्रत घेतलं म्हणजे काय करावं लागतं, मंडळी? बरोबर – उद्यापन! मल्हारीने साऱ्या आळीला पुरणपोळी घातली. यजमानच तो, आग्रह करता करता स्वतःही जेवला. पुरण उरलं, ते वाया कसं घालवायचं? दुसऱ्या दिवशीही जेवला. व्रत तर संपलेलं, मग टेकडी कशाला? होळीपर्यंत सदरा पुन्हा पोटावर ताठ.

चैत्रात पुन्हा व्रत. पुन्हा बारीक. पुन्हा उद्यापन – या खेपेला श्रीखंड! आषाढात सदऱ्याचं बटण तुटून आमटीत पडलं, तसा मल्हारी हातपाय गाळून बसला. "हौसा, देवाच्या मनातच नाही. दोन व्रतं पुरी केली, दोन्ही फुकट गेली."

बायको हौसाबाई बटण चिमट्याने काढत म्हणाली, "अहो, दात घासायचं उद्यापन कधी केलंत?"

"दात घासायचं कसलं आलंय उद्यापन? ते रोजचंच."

"मग हेही रोजचंच करा की. देवाला मुदत कशाला सांगता? आणि भात सोडू नका, एकदा वाढलेला खा. ताटात भाजी मी जास्त वाढते. टेकडी राहू द्या, आधी ओढ्यापर्यंत चला. मीही येते. माझे गुडघे काय कमी बोलतात?"

निघाली जोडी! दात घासले की पायात चपला. पाळायला सोपं, म्हणून टिकलं. हळूहळू ओढा मागे पडला, टेकडी आली. मध्येच भाचीच्या लग्नात मल्हारीचा तोल गेला, जिलब्यांवर असा तुटून पडला की विचारू नका. सकाळी पांघरूण ओढून पडून राहिला. "मोडलं सगळं."

हौसाबाई म्हणाली, "एक दिवस दात घासले नाहीत, म्हणून कुणी दात उपटून टाकतं का? उठा."

उठला!

त्रिपुरी आली. मल्हारी काही शिडशिडीत झाला नव्हता, पोट होतंच. पण तिसरा दगड आला आणि मागे पडला. हौसाबाईने पदर तोंडात धरलेला. मल्हारी थांबत, दम घेत टोकाला पोचला, बापाची आठवण काढली आणि दिवा लावला. खाली येसाजीनेच पहिल्यांदा येळकोट केला.

पंच म्हणाले, "आता जेवण घाल गड्या!" मल्हारी हसला आणि सगळ्यांना ऊस वाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंचांना तो टेकडीच्या वाटेवर दिसला, हौसाबाईसकट. "अरे, दिवा काल लागला. आज कुठे निघालास?"

मल्हारी म्हणाला, "दात घासून झाले, म्हणून निघालो."

कळलं, मंडळी? काही कामं शेवटाला न्यायचीच नसतात. शेवट केला की ती गेली! आता मागून लाडवांचा वास येतोय, मलाही येतोय. खा, प्रसाद आहे, पण एक खा. आणि हात वर करा बघू – सकाळी चालायला कोण कोण येणार? अरे वा, सगळेच! पण उद्याचं नाही विचारलं मी. उद्या सगळेच येतात.

परवा कोण येणार?