तिरंगी लढत व इतर

...न्हाई न्हाई, त्यो पेपर आदी खाली ठिवा! बुडाखाली घ्या, भज्याखाली घ्या, कशाखालीबी घ्या, पन माझ्याम्होरं 'तिरंगी लढत' म्हनून मोठ्यानं वाचू नका... माझं डोस्कं फिरतंय! आता ह्या बारीला कुनाची का आसंना, मला मागल्या बारीची आठवन येती. आवो, तिरंगी कशी? चार जनी उब्या व्हत्या! तुमीच मोजा. भगवानरावांची बायको एक, आप्पारावांची दोन... म्हंजी आप्पारावांची एकच, मोजताना दोन... त्रिंबकरावांची तीन, आन् माझी चार. आन् पेपरात काय छापलं? "भगवानराव, आप्पाराव व त्रिंबकराव यांच्यात तिरंगी लढत, रिंगणात इतरही." इतरही! आगा, चारातून तीन गेले तर किती राहतं? एक! एका मानसाला कुनी इतर म्हनतं का?

तुमाला सांगतो, मी राधाकिशन. ह्या चौसाळ्याच्या वरल्या अंगाला आमची वस्ती, धंदा ऊसतोडीचा. मी आन् सुंदरबाई मिळून एक कोयता. तोडीत तसंच म्हनतेत, नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता, एकटा मानूस अर्धा. म्हंजी कागदावर मी निम्मा आन् ती निम्मी, पन खरं सांगू का... तोड तिची, मोळी तिची, गाडी भरायला शिडीवर चढनारी तीच, मी आपला अर्ध्यात बी थोडा कमीच बसतो. हे मी कुनाबी म्होरं सांगतो, मला त्याची लाज न्हाई, मला त्याचा रुबाब हाय!

त्या साली पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. टँकर यायचा, पन यायचा कुठं? खाली गावात, भगवानरावांच्या दारातल्या हौदापशी. आमच्या वस्तीच्या बाया तिथून डोक्यावर हंडे वाहायच्या, आन् वाहता वाहता निम्मं पानी हिंदकळून रस्त्याला. एक दिवस सुंदरबाई काय म्हनावं, टँकरच्या म्होरं रस्त्यात फतकल मारून बसली! डायवर म्हनतो, "मावशे, उठ, मला वरून हुकूम हाय." ही म्हनली, "वरून तर पाऊस येतो, त्योबी आला न्हाई. तू कोनाचं ऐकायलास?" डायवर हसला, आन् टँकर वस्तीवर आनला. पन त्या एका दिवसापुरताच... दुसऱ्या दिवशी डायवरच बदलला! तवा ही म्हनली, "आवो, हा हुकूम बसतो कुठं?" म्हनलं, झेडपीत आसंल. "मंग तिथंच जाते." आन् नशीब बघा, त्याच साली झेडपीचा आमचा गट बायांसाठी राखीव सुटला, तोडीला जायचं सोडून हिनं फारम भरला, चिन्ह मिळालं शिट्टी, आन् मागनं एकच, टँकर वस्तीवर आला पायजे. बस्स!

आता समोर कोन? एक भगवानराव, कारखान्याचे चेअरमन, आन् कारखान्याला ऊस न्हाई. दुसरे आप्पाराव, दूध संघाचे चेअरमन, आन् जनावरं समदी चारा-छावनीत, संघात दुधाचा टिपूस न्हाई. तिसरे त्रिंबकराव, उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन, आन् तळ्यात उपसायला चिखलबी न्हाई! आन् पेपर काय लिवतो? "तीन प्रबळ उमेदवार." आवो, उमेदवार बी ते न्हवते! उमेदवार त्यांच्या बाया, पन फोटो नवऱ्यांचे, मुलाखती नवऱ्यांच्या, प्रबळ नवरे... बायांची नावं बारीक अक्षरात बी न्हाईत. जी बाई सोता उबी, सोता हिंडती, सोता बोलती, ती एकलीच. आन् ती कोन? इतर!

मी गेलो की तरातरा शहादेवकडं. शहादेव म्हंजी आमच्या हितला वार्ताहर. पेपरात लिवनारा त्योच, पेपर वाटनाराबी त्योच. म्हनलं, "शहादेव, माझ्या बायकोचं नाव कावून न्हाई बे?" त्यो आपला चष्मा पुसत, "राधाकिशन, तू समजून घे. लढत एकतर दुरंगी आसती न्हाईतर तिरंगी. चौरंगी म्हनलं की वाचनाऱ्याचा गोंधळ व्हतो." म्हनलं, आरं पन चार हायत ना! "हायत की. पन लोक वैनीला गंभीरपनं घेत न्हाईत." कावून घेत न्हाईत? "पेपरात नाव न्हाई ना!" आन् पेपरात नाव कावून न्हाई? "लोक गंभीरपनं घेत न्हाईत ना!" ...आता बोला! घाण्याच्या बैलागत मी त्याच्याभवती फिरलो, फिरलो, आन् जिथून निघालो तिथंच, घरी चालत आलो.

बरं, पेपर गेला तर गेला, मंग च्यानलवाला आला. एवढ्या उन्हात अंगात जाकिट! टँकरच्या रांगेत शिरला, आन् त्यो माइकचा बूम कुनाच्या तोंडाला लावला? सुंदरबाईच्याच! "ताई, या तिरंगी लढतीत तुमचं मत कुणाला?" ती म्हनली, "आवो, मी उबी हाय." तर ह्यो म्हनतो, "हो हो, उभ्यानंच बोला, फ्रेममध्ये छान येतंय!" आन् सांजच्याला टीव्हीवर दाखिवलं, डोक्यावर हंडा, खाली पट्टी... 'एक महिला मतदार.' म्हंजी इतर म्हनूनबी ठिवली न्हाई, थेट मतदारात घातली!

आन् लोकं बी आशी! माझा सख्खा चुलतभाऊ सुग्रीव, भिताडाला भिताड लागून ऱ्हातो, त्यो म्हनला, "राधाकिशन, वैनी मानूस लाखाची. मत दिलंच आसतं रे, पन वाया जातंय. पेपरात तिरंगी हाय." आरं सुग्रीव, तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास तू! "भाकर येगळी, बातमी येगळी." आशानं मानसाचं काळीज तुटतं का न्हाई? माझं तुटलं. मी वसरीवर तोंड पाडून बसलो, म्हनलं सोड ह्यो नाद, उगं बेइज्जती कशाला.

तर ही भांडे घासता घासता इचारती, "आवो, ह्यो पेपर जातो कुठपत्तुर?" म्हनलं, जातो की, चौसाळा, नांदूरघाट, पार तिकडं कड्यापत्तुर जातो. "आन् उसाच्या फडात?" फडात कुठला पेपर? फडात पाचट! "आन् च्यानल?" आगं, पाचटाच्या कोपीत लाइट न्हाई, च्यानल कुठलं! "मंग आपल्या गटातले लोक ह्या दुष्काळात हायत कुठं?" ...आन् तुमाला सांगतो, माझ्या हातातली बिडी तशीच इझली! आमच्यागत मागं राहिलेली चार घरं सोडली, तर वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या व्हत्या, दाराला कुलपं, म्हातारे आन् कुत्रे तेवढे मागं. सारा गट फडात! मी उबा राहिलो, म्हनलं, सुंदरे, ही अक्कल तू कुठं ठिवली व्हतीस? म्हनली, "तुमी इचारलं कवा?"

गेलो की मंग. तोडीच्या टोळ्या नेनाऱ्या धोंडीराम मुकादमाचा टरक चालला व्हता कोल्हापूरच्या अंगाला, त्यात बसून गेलो. फडात उतरलो आन् मी आपला खिशातून भाषन काढायलोय, तवर हिनं आमच्याच गटातल्या छबुबाईच्या हातातला कोयता घेतला. "छबे, तू पानी पी, मी तोडते." सपासप! पाचट उडायलंय, मोळ्या पडायल्यात... छबुबाई म्हनली, "सुंदरे, आपल्या तिकडं इलेक्शन हाय म्हनं?" "हाय की. मीच उबी हाय." "आगं बया! आन् आनखी कोन?" "आनखी तिघी हायत म्हनं. पन त्या मला कुठं दिसल्या न्हाईत, त्यांचे नवरेच दिसतेत." आशा हासल्या बाया, आशा हासल्या, एकीच्या डोक्यावरली मोळी खाली आली! हिनं टँकरचं सांगितलं, हौदाचं सांगितलं, आन् निघाली म्होरल्या फडात. आन् एक बी मानूस म्हनला न्हाई की मत वाया जाईल! कावून म्हनंल? त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच न्हवतं ना, की सुंदरबाई निवडून येऊ शकत न्हाई! सांगनारं तिथं कुनी न्हवतंच!

आन् चेअरमन लोक? ते कशाला येतेत फडात. त्यांची वरसानुवरसाची रीत, मुकादमाला निरोप धाडायचा, मतदानाला टरक पाठवायचे, लोक भरून आनायचे, जेवू घालायचं, बटन दाबून परत फडात. त्या बारीलाबी तसंच केलं. भगवानरावांनी टरक पाठिवले, आप्पारावांनी मटन-भाकर केली, त्रिंबकरावांनी पान्याचे जार ठिवले... आता ते पानी त्यांनी कुठून आनलं ते तेच जाने! लोक टरकातून आले, पोटभर जेवले, गार पानी पेले, आन् जाऊन शिट्टी दाबली! एका कार्यकर्त्यानं छबुबाईला गाठलं, "मावशे, ध्यानात ठिवा बरं, तिरंगी लढत हाय." ती तोंड पुसत म्हनली, "आसंल बाबा. आमच्या तिकडं तर एकलीच आलती."

मतमोजनीला मी ह्याच हाटेलात, ह्याच बाकड्यावर, टीव्हीम्होरं. त्योच जाकिटवाला. पडद्यावर चौकट, भगवानराव, आप्पाराव, त्रिंबकराव, आन् तळाला... इतर! आन् त्यो वाचायला लागला, "या तिरंगी लढतीत भगवानराव दुसऱ्या क्रमांकावर, आप्पाराव तिसऱ्या, त्रिंबकराव चौथ्या..." आवो, तिरंगीत चौथा कुठून आला? त्याचं त्यालाच कळंना! घाम पुसतो, कागद उलटा करतो, "आणि पहिल्या क्रमांकावर... एक मिनिट, काही तांत्रिक अडचण दिसते... पहिल्या क्रमांकावर... इतर." आन् मी बाकड्यावर चढलो! म्हनलं, बायको हाय ती माझी! इतर न्हाई, सुंदरबाई हाय, सुंदरबाई!

मंग काय, समदे वस्तीवर. ज्या रस्त्यानं टँकर येत न्हवता त्याच रस्त्यानं जीपगाड्या आल्या! तिन्ही चेअरमन हार घेऊन, जाकिटवाला बूम घेऊन, शहादेव क्यामेरा घेऊन. बूम आला तो माझ्या तोंडाशी. "राधाकिशनराव, काय सांगाल तुमच्या विजयाबद्दल?" मी बूम हातानं बाजूला सारला. म्हनलं, माझा न्हाई, तिचा! शहादेव म्हनला, "तसं न्हाई, प्रतिक्रिया नवऱ्याचीच घ्यायची रीत हाय." म्हनलं, गेली खड्ड्यात तुझी रीत! नाव तिचं छापायचं, मोठ्ठ्या अक्षरात, माझं छापलं तर बघ! आन् ती? गळ्यात हार पडायच्या आदी भगवानरावांना म्हनली, "हार ऱ्हाऊ द्या. टँकर कवा?"

आला टँकर! वस्तीवर आला, बाया शिट्ट्या वाजवत सामोऱ्या गेल्या, आन् मी कोपऱ्यात उबा राहून रडलो, खरं सांगतो, घळाघळा रडलो. एवढा मोठेपना मला उभ्या जन्मात वाटला न्हवता.

आन् त्यो पेपर... त्यो मी सोता चौसाळ्याला येऊन आनला. ह्यो बघा, खिशातच आसतो. मथळा, "सुंदरबाईंचा दणदणीत विजय, आमचा अंदाज खरा ठरला." घ्या! आन् हा फोटो. मधी ती. खाली वाचा, "विजयी उमेदवार सुंदरबाई यांचा सत्कार करताना भगवानराव, आप्पाराव, त्रिंबकराव व इतर." आता नीट बघा, भगवानरावांच्या हारामागं एक कोपर दिसतंय का? फाटक्या बाहीचं? ते माझं. बाकी फोटोत कुनीच न्हाई, मी लई येळा बघितलं...

एका मानसाला इतर म्हनतेत का, आसं मी साऱ्या गावाला इचारत फिरलो. म्हनतेत, बाबा, म्हनतेत. मी हाय की!