पहिली खबर सरकारला

कामरगावच्या इतिहासात इतकी चोख जन्मनोंद कुणी केली नव्हती, असं उकंडराव मंगरूळपीरच्या गाडीची वाट पाहताना युनूसभाई टेलरना सांगत होते.

"नात झाली तसा चपला न घालताच नोंदीले पळालो."

"मुबारक, उकंडराव. एवढी घाई काहून?"

"माही जन्मतारीख मास्तरनं अंदाजानं लिवली. नातीची असली हाये."

"नाव काय ठेवलं?"

"नाव तं आत्याच ठेवते. आमची वैजयंती रुसून बसली ना."

"कायले?"

"ग्रामसेवकानं दाखल्याचा फोटो ग्रुपवर टाकला. तिले भाची झाल्याचं तिथंच समजलं."

"तुमी फोन नाही केला?"

"म्हटलं, आधी सरकारले सांगू."

गाडी आली. लेकीची समजूत काढायला उकंडराव दाखला घेऊनच चढले. त्यावर नावाची जागा कोरी आहे.