जाळी काढली त्या दिवशी

नाही नाही, तिथे पाय ठेवू नका — असे इकडून या, टाकीच्या बाजूनं. आज सकाळीच गच्चीवरची मधली जाळी काढलीय, पिल्लं कुठून पायात येतील सांगता येत नाही. तुम्ही वजीह ना? ओळखलं मी. फोनवर रोज बघतो की — म्हणजे बघत नाही, तुमच्या आई तुमच्याशी बोलत असतात तेव्हा त्यांच्या मागून मला दिसता. मी बयूमी, तिसऱ्या मजल्यावरचा, मुलाकडे राहतो. दमनहूर स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे माझा जन्म गेला. काल कुवेतहून आलात, आज व्यापारी येणार पिंजरे घेऊन, कोंबड्या विकणार, आणि आईला अलेक्झांड्रियाला नेणार, तुमची बायकोमुलं राहतात तिथे. सगळं माहीत आहे मला. चांगलंच आहे. समुद्र दिसतो म्हणे खिडकीतून. बसा ना. ती दुसरी खुर्ची रिकामीच असते — कधीतरी तुमच्या आई बसतात, एरवी रिकामीच. आणि पेले दोन आहेत, कारण मला एका बैठकीला दोन चहा लागतात. हो, एकात पुदिना आहे आणि दुसऱ्यात नाही. माणसाला कधी हे आवडतं, कधी ते.

हे बघा, गल्लीतल्या लोकांनी तुमच्या कानावर काय घातलं असेल ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो — इथे जे काही आहे ते फक्त कोंबड्यांचं आहे. सुरुवात माझ्या नातीपासून झाली. बाजारात ती रंगवलेली पिल्लं विकतात ना, गुलाबी, हिरवी, जांभळी — ती मी घेऊन आलो, पोरगी खूश होईल म्हणून. पोरगी दोन दिवस खूश झाली. सून पहिल्याच दिवशी नाराज झाली, कारण गुलाबी रंग गादीला लागला. मग खोका, पिल्लं आणि मी, तिघांचीही रवानगी गच्चीवर. मला पिल्लांतलं काय कळतंय? मी त्यांना पावाचे तुकडे टाकत होतो, वाडग्यात पाणी ठेवत होतो, आणि ती वाडग्यात बुडून भिजून गारठत होती. तुमच्या आई कपडे वाळत घालायला आल्या, खोक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, ही पिल्लं तुम्ही पाळताय की धुताय? त्या दिवसापासून पाण्यात खडे टाकायचे, चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. उकडलेलं अंडं बारीक चिरून मक्याच्या भरड्यात कालवायचं, खोक्यात दिवा लावायचा, पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. चाळीस वर्षं लोक माझ्या खिडकीसमोर रांगेत उभे होते आणि त्यांच्याकडे बघून मला असं काही कळलं नाही.

थांबा, एक मिनिट — नाही, काही नाही, लाल कोंबडीनं नुसती टोच मारली. मी उठायचं नाही असं तुमच्या आईंनी मला बजावलंय. बजावायचं कारणही आहे, सांगतो. पिल्लांना पिसं फुटली, रंग गेला, गुलाबीतून करडं निघालं, हिरव्यातून पांढरं, आणि मला वाटलं आता ही मोठी झाली. मी ऑफिसातला माणूस — नवीन माणूस आला की त्याला साहेब सगळ्यांसमोर उभा करतात, नाव सांगतात, झालं काम. तर एका शुक्रवारी मी नमाजहून आलो, धुतलेला लांब झगा, गलाबिया, अंगात, आणि खोका उचलून सरळ तुमच्या आईंच्या कोंबड्यांच्या मधोमध उपडा केला. वर म्हणालो, घ्या, ही आपली नवी मंडळी. खरंच म्हणालो हो, मोठ्यानं. त्यानंतर जे झालं ते काय सांगू. ती लाल, तिला आम्ही हेडमास्तरीण म्हणतो — तुमच्या आई म्हणतात, मी आपला ऐकतो — ती आधी धावली, मग बाकीच्या, आणि पिसं अशी उडायला लागली की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, उशी फाटली का? मी मध्ये पडलो तर माझ्याच पोटऱ्यांना टोचा. एका पिल्लाचा डोळा गेला. बघा, तो कोंबडा टाकीखाली एका बाजूनं मान वळवून बघतोय ना, तेच ते, मोठं झालं तरी मी पिल्लूच म्हणतो. तुमच्या आई एका हातात चप्पल घेऊन आल्या, दोन चपला माझ्या वाट्याला आल्या असतील, बाकीच्या कोंबड्यांना. मग त्यांनी त्या पिल्लाला ओढणीत घेतलं, चहाच्या कोमट पाण्यानं डोळा पुसला, आणि मी तिथे उभा राहून रडलो. आता सत्तरीच्या माणसानं कोंबडीच्या पिल्लासाठी रडायचं म्हणजे — पण बायको गेली तेव्हा रडायला जमलं नव्हतं, पाहुण्यांना कॉफी द्यायची होती. हे तुम्हाला कशाला सांगतोय मी.

मग त्यांनी शिकवलं. जुन्या पलंगाची जाळी मधे उभी केली, अलीकडे पिल्लं, पलीकडे मोठ्या. एकमेकींना दिसू दे, ओरडू दे, वास येऊ दे, पण चोच पोचायला नको. दाणे जाळीला लागून टाकायचे, दोन्हीकडे एकाच वेळी, म्हणजे जेवताना शेजार होतो. मी रोज विचारायचो, आज काढू जाळी? त्या रोज म्हणायच्या, नाही. हिवाळा गेला, खमासीनच्या वाऱ्याची धूळ येऊन गेली, मी विचारतोय आणि तौहीदा म्हणते, घाई कुणाला आहे, तुम्हाला की पिल्लांना — म्हणजे, उम्म वजीह म्हणतात. तुमच्या आई. सगळी गल्ली त्यांना तुमच्याच नावानं हाक मारते, मीही तेच म्हणतो, आत्ता जीभ घसरली.

अशा नजरेनं बघू नका. बरं, बघा. केसांना रंग लावलाय, हो, तुम्ही कॉलरकडे बघताय ते कळलं मला. पिल्लांचा रंग महिनाभर तरी टिकला, माझा उशीवर उतरतो. सून म्हणाली, बाबा, या वयात कुणासाठी? मी म्हटलं, ऊन लागतं गच्चीवर. आणि काल, तुम्ही येणार म्हणून तुमच्या आई बदकाचं जेवण ठरवायला वर आल्या होत्या, म्हणजे त्यांच्या खुराड्यातलं बदक निवडायला, आणि निवडलंच नाही. इथेच बसून राहिल्या. व्यापाऱ्याचं त्यांना तुमच्याच फोनवरून कळलं. म्हणाल्या, उद्या जाळी काढू. मी म्हटलं, अहो, सगळ्याच विकायच्या तर काढायची कशाला? तर म्हणाल्या, एक दिवस तरी एकत्र राहू देत. बस, एवढंच बोलल्या. तुम्हाला काही बोलल्या नसतील. नाहीच बोलणार.

अशा कामाला माणूस आधी घरातलं कुणी मोठं पाठवतो, मग कोट घालून बसबूसा मिठाईचा डबा घेऊन तुमच्या दिवाणखान्यात येतो, हे मला कळतं हो. पण माझ्या घरात माझ्याहून मोठं कुणी उरलं नाही, आणि डबा आणायला खाली गेलो असतो तर इथे पिल्लांचे डोळे फुटले असते. म्हणून हे असं, हाताला कोंबड्यांची घाण, आणि तुमच्या वयाच्या माणसाकडे त्याच्या आईचा हात मागायचा — हसा, हसलात तरी चालेल, मी रात्रभर आरशासमोर सराव करताना स्वतःच हसत होतो. रमजानमध्ये त्यांना मी म्हणालो होतो, की वजीहकडे शब्द टाकू का. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, टाका. तो नको म्हणाला तर मी त्याच्याबरोबर जाईन, आणि मग हा विषय नाही. मला केवढा आनंद झाला होता. मूर्ख माणूस. महिने झाले, आणि आज, तुमच्याशी बोलता बोलता लक्षात येतंय, की मी त्यांना विचारलं ते तुमच्या परवानगीचं. त्यांना स्वतःला काय हवंय, हे विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत? फ्लॅट घेतलात, खोली रंगवलीत, सगळं त्यांच्यासाठीच केलंत, आईवर जीव आहे तुमचा, दिसतंय. पण विचारलंत का?

नाही ना. मग मला हो-नाही काही सांगू नका, नको, माझं मागणं मी मागे घेतो. तुम्हाला मागून काय उपयोग. खाली जा, त्या स्वयंपाकघरात असतील, भांड्यांचा आवाज येतोय. त्यांना विचारा. आणि हे बयूमी काय म्हणतो ते नका सांगू, नुसतं विचारा, आणि त्या लगेच म्हणतील की तुला जे बरं वाटेल ते, तेव्हा उठून येऊ नका, थांबा तिथेच. त्यांना वेळ लागतो. मी थांबलोय, मला माहीत आहे.

अलेक्झांड्रिया म्हणाल्या तर व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यांना मीच दोऱ्या बांधून देईन. जा आता. दार ओढून घ्या, पिल्लं जिन्यात उतरतात.