बाबांचा दुसरा गिअर

...आणि वर मलाच विचारतात, लिओन, तू त्या गाडीचं केलंस तरी काय? अहो, केलं काय म्हणजे? दुरुस्ती केली. तुम्हाला सांगतो, तीन शनिवार खर्ची घातले, गहू कापणीला आलेला असताना, आणि काम चोख झालं होतं, त्यात वाद नाही.

गाडी बाबांची. सत्तावन्न सालची पिकअप, माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली, आणि घरात मानही तसाच. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगलाच, चाकाच्या मागून उजवीकडे निघालेला. तीन गिअर, एक रिव्हर्स. आता साठ-पासष्ट वर्षं एकच दांडा वरखाली करत राहिलं तर त्याचं काय होणार? आतली पिन झिजली, पिनेचं भोक लंबुळकं झालं, खालच्या सांध्यातल्या पितळी नळ्या, बुश म्हणतात त्यांना, तर नावाला उरल्या होत्या. हात सोडला की दांडा सुगीनंतरच्या सूर्यफुलासारखा मान टाकायचा. आणि दुसरा गिअर? तो फक्त बाबांना सापडायचा. दांडा पहिल्यातून काढायचा, वर उचलून धरायचा, अंगठ्यानं पलीकडे रेटायचा, जरा थांबायचं... मग चार बोटं जास्तच वर न्यायचा, की कुठंतरी खोल आत खट् वाजायचं. मी कितीदा करून पाहिलं. नुसती करकर.

तर एप्रिलात ही गाडी धान्याच्या कोठाराजवळच्या रेल्वे फाटकात अडकली. ऐन रुळांवर. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं, दांड्याला गिअरशी जोडणाऱ्या, आत अडकलेल्या दोन पट्ट्या हातानं सरळ केल्या, बॉनेट लावलं, पुन्हा बसले आणि गेले कॉफी प्यायला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. आगगाडी यायला वेळ होता, पण ही बातमी विचिटाला माझ्या बहिणीकडे पोचायला वेळ लागला नाही.

"लिओन," जोलीन फोनवर, "किल्ली तू काढून घेतोस, की मी येऊ?"

आता तुम्हीच सांगा, किल्ली कशी मागायची? आई गेली त्या वर्षी बाबांनी आपणहून शब्द दिला होता, की ज्या दिवशी मला माझा गिअर सापडणार नाही त्या दिवशी किल्ली मीच आणून देईन, तोवर कुणी मागायची नाही. आणि गाडी गेली तर माणसाकडे उरतं काय? सकाळी साडेसहाला कोठारावरची कॉफी, तिथं जुन्या दोस्ताशी, व्हर्जिलशी, पावसावरून भांडण, येताना शेताला एक चक्कर. तेवढंच तर आहे. म्हटलं, जोलीन, थांब. दोष गाडीचा आहे, मी गाडी नीट करतो.

आणि मी कामाला लागलो की आधी लिहितो. हसा, सगळे हसतात. वहीचं पहिलं पान: दांडा किती लोंबतो, सव्वादोन इंच. भोक किती लांब, किती रुंद. दुसरा गिअर कितव्या इंचावर लागतो. मग स्टिअरिंगचं चाक काढलं, पिन ठोकून बाहेर काढली, भोक वेल्डिंगनं भरून नव्यानं पाडलं, खाली पितळी बुश घातले, पट्ट्या एका रेषेत आणून जोडल्या. तिसऱ्या शनिवारी बसलो आणि दांडा एका बोटानं फिरवला. अहो, लोण्यातून सुरी. एक, दोन, तीन. मार्लिसला, माझ्या बायकोला, हाक मारून बोलावलं. तिनंही एका बोटानं टाकला.

"छान आहे," ती म्हणाली. "बाबांना विचारलं होतंस?"

विचारायचं काय त्यात?

बाबा आले, टोपी सारखी केली, बसले. गाडी सुरू. पहिला पडला. आणि मग त्यांचा हात... उचललं, अंगठ्यानं रेटलं, जरा थांबले, चार बोटं वर. तिथं काही नव्हतंच हो. करकर झाली, गाडी बंद.

"बाबा, उचलू नका. सरळ वर न्या."

"सरळच नेतोय."

पुन्हा सुरू, पुन्हा उचललं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच. कुत्रं झाडाखालून उठून लांब जाऊन बसलं. चौथ्यांदा बाबांनी गाडी सुरूच केली नाही. दांड्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. काम चोख झालं होतं, त्यात वाद नाही, पण मला तिथं उभं राहवेना.

आमच्याकडे किल्ली गाडीतच असते, काढतो कोण? चाळीस वर्षांत ती किल्ली मी गाडीबाहेर पाहिली नव्हती. बाबांनी काढली. उतरले, माझ्या हातावर ठेवली.

"शब्द म्हणजे शब्द," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी कॉफीला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. व्हर्जिलचा फोन, "एड्विन आजारी आहे का रे? इथं पाऊस पडणार नाही म्हणायला कुणी उरलं नाही." मी म्हटलं, बाबा, मी नेऊन सोडतो. तर म्हणाले, "मी काय गव्हाचं पोतं आहे, कोठारावर नेऊन टाकायला?" मी समजावलं, बाबा, गिअरची जागा बदललीय, चूक तुमची नाही. तर शांतपणे म्हणाले, "गिअर नवा. पिन नवी. तूच सांगितलंस, चोख झालंय. मग यात जुनं झालेलं काय उरलं?"

आणि जेवताना मार्लिसला हळूच विचारतात, "आज बुधवार ना?" ती हो म्हणाली. तर मान हलवून म्हणाले, "बरं. तेवढं आहे अजून."

तुम्हाला सांगतो, मी ताट अर्धंच टाकून उठलो. मी भांडी विसळायला गेलो तर मार्लिस पाठोपाठ आली.

"तू त्यांच्या हाताकडे पाहत होतास की गाडीकडे?"

"गाडीकडे."

"वाटलंच. हात चुकत नव्हता, लिओन. चारही वेळा बरोबर एकाच जागी जात होता. दुसरा गिअर तिथून तू काढलास."

वही उघडली. पहिलं पान.

शनिवारी ती बाबांना केस कापायला घेऊन गेली, आणि मी, ज्यानं जन्मात एक गोष्ट मुद्दाम बिघडवली नाही, तो कानस घेऊन बसलो. नवं पाडलेलं भोक घासून लंबुळकं केलं. नवी पिन काढली, जुनी झिजकी घातली. खालचे बुश मात्र नवेच ठेवले, रुळांवर अडकायला नको म्हणून, आणि पट्ट्या सरकवल्या, जुन्या मापाला. दांडा सोडून पाहिला. लोंबला. मोजला. दोन इंच. पुन्हा घासलं. सव्वादोन. बिघाडसुद्धा चोख झाला, त्यात वाद नाही.

बाबा आल्यावर किल्ली पुढं केली. "बाबा, माझीच चूक. एक पिन उलटी बसली होती. जरा बघता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाहीवरच्या लोखंडाच्या किसाकडे पाहिलं. बसले. पहिला. उचललं, रेटलं, थांबले...

खट्.

अंगणाच्या फाटकाबाहेर गेले, तिसरा पडला तोही ऐकू आला, आणि मग शेताच्या चारही बाजूंनी चार मैलांची धूळ उठलेली आम्ही दोघं दारातून पाहत राहिलो. मार्लिसनं माझा हात धरला होता. का, ते विचारलं नाही.

आता कोठारावर काय कथा चालते माहितीय? "पोरानं पिन उलटी घातली. सत्तावन्न वर्षांचा झाला, पण पिन उलटी!" व्हर्जिल मला त्याची गाडी दुरुस्तीला दाखवणार होता, आता विषय काढत नाही. चालेल. जोलीनला सांगितलं, खालचं सगळं नवं आहे, निर्धास्त राहा. तिनंही पुन्हा किल्लीचं नाव काढलं नाही.

पण परवा रविवारी चर्चला निघताना बाबा म्हणाले, ये, आज तू चालव, शिकवतो. बसलो. वेशीवर बंद पडली. वळणावर बंद पडली. चर्चच्या दारात, सगळं गाव पायरीवर उभं असताना, तीनदा बंद पडली. बाबांनी हळूच माझा हात दांड्यावरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आणि मागून दुसऱ्या गाडीनं आलेल्या मार्लिसला खिडकीतून म्हणाले, अगदी मायेनं हो, "ह्याला आता फार लांब पाठवत जाऊ नकोस."