चौदा महिने माझा हात

जबाब देणार: तक्रारीतील ड्राफ्ट्समनची पत्नी, वय ४६, व्यवसाय घरकाम, राहणार छापखान्यामागची इमारत, तिसरा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतात. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडून त्यांच्या मानेला मार लागला व हातापायांतला जोर गेला. बोलणे शाबूत आहे. कंपनीने घरून काम दिले व कोपराखाली बांधायचा एक पट्टा दिला. तो स्नायूंची हालचाल ओळखून कॉम्प्युटरला कळवतो. बोटांची चिमटी केली की रेघ पडते, मनगट वळवले की नकाशा फिरतो. जोर कमी असला तरी चालते, असे सांगितले होते.

पट्ट्याला आधी हात शिकवावा लागतो. चाळीस चिमट्या, एकसारख्या. आज जमले नाही तर कंपनीला तसा अहवाल जाईल, असे पट्टा बसवायला आलेले तंत्रज्ञ म्हणाले. यांना सहाव्यालाच घाम फुटला. तंत्रज्ञ फोन घ्यायला गॅलरीत गेले, तेव्हा मी पट्टा माझ्या हाताला बांधला व चाळीस पुऱ्या केल्या. "उद्या तुमचा हात शिकवू," असे मी यांना म्हटले. तो उद्या काही आला नाही. पट्टा माझाच हात ओळखतो.

रोज नऊ ते सहा मी खुर्चीला खुर्ची लावून बसत असे. ते सांगत, "डावीकडे घे. अजून. थांब." सासूबाई म्हणत, "नवरा सांगतो आणि बायको मुकाट ऐकते, असं घर आज बघितलं!" आम्ही हसत असू, निदान सुरुवातीला. पुढे मला न सांगताच कळू लागले व ते गप्प बसू लागले. ते गप्प बसणे मला सोसत नसे.

गेल्या मंगळवारी दुपारी ते म्हणाले, "साहेबांना पत्र लिही." मजकूर त्यांनी सांगितला: चौदा महिने काम माझी बायको करते. नोकरी तिच्या नावावर करा.

मी म्हटले, "अहो, आहे तेही हातचं जाईल."

"तुझं मनगट बघ आधी," ते म्हणाले. मी सूज बाहीखाली झाकत असे. "पाठव."

मी नाही म्हटले असते तर पत्र गेले नसते. मी चिमटी केली. फार दमले होते. पत्र गेल्यावर बरे वाटले, तेही लिहून घ्यावे.

दोन दिवसांनी नोकरी गेली व फसवणुकीची तक्रार आली. पतीने घरी दिलेल्या जबाबात सगळा दोष स्वतःवर घेतला, असे आपण आत्ता सांगितले. ते खोटे आहे. त्यांनी बोटही हलवलेले नाही.

हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावला. सांगितले तसाच आहे.